फोन ठेवू नका, मी विमल बोलतेय

विमल,

काल तुझं पुण्यानुमोदन झालं. जेवण चांगलं होतं म्हणाले सगळे. वांग्याची भाजी कुणाकडून करून घेतली ते दोघातिघांनी विचारलं. खालच्या हॉलमध्ये सतरंज्या, पंखे, तुझा फोटो, मेणबत्त्या, सगळं रीतसर. आणि माईक. आपल्या बौद्धांत माणूस गेलं की पुण्यानुमोदनाला, म्हणजे जलदानाच्या दिवशी, जेवणाआधी माईकसमोर रांग लागते. जो कधी दारातून डोकावला नाही तो पण आदरांजली वाहतो, आणि वाहता वाहता स्वतःचंच सांगत बसतो.

तुझ्यासाठी पण लागली रांग. एक म्हणाला, विमलवहिनी म्हणजे त्यागाची मूर्ती. दुसरा म्हणाला, त्या बोलत नव्हत्या पण त्यांचे डोळे बोलायचे. डोळे बोलायचे म्हणे. अरे, तोंडाने बोलायची ती. सकाळी डोळा उघडल्यापासून झोप लागेपर्यंत बोलायची. आपण ऐकलं नाही हे सांगायची लाज वाटते म्हणून डोळ्यांवर ढकलायचं.

आणि तो एक शब्द. सुटली. लिफ्टमध्ये, जिन्यात, पाणी भरताना, जो भेटेल तो म्हणतो, सुटली बिचारी. मला किळस आली आहे त्या शब्दाची. कशातून सुटली? तुला सुटायचं होतं ते यांच्यातूनच. आणि वर मला म्हणतात, तुम्ही मोठ्या मनाचे, अशा बाईशी संसार केला. अशा बाईशी. मी स्वयंपाक करायचो आणि तू खुर्चीत बसून मिठावरून माझी अक्कल काढायचीस, यात माझं मन कुठं मोठं झालं ते मला कळत नाही.

मंडळाच्या अंकात छापतो म्हणाले, लिहून द्या. मी सहावी शिकलेला रंगारी. माझा हात भिंतीवर चालतो, कागदावर नाही. तुला ठाऊक असलेलं पण लिहावं लागेल, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोण विमल. तर तू जरा गप्प बस आणि ऐकून घे.

जन्माच्या वेळी तुझ्या डोक्याला हवा कमी पडली. म्हणून मान वाकडी, हात थरथरणारे, जीभ जड. अक्कल मात्र पुरेपूर. शाळेत मास्तरांनी प्रश्न विचारला, तू उत्तर दिलंस, पोरं हसली. मास्तरांनी तुझ्या वडलांना सांगितलं, हिला घरीच ठेवा. हातात पेन्सिल ठरत नव्हती म्हणून लिहिणं पण गेलं. राहिलं फक्त तोंड, आणि ते तोंड कुणाला नको होतं.

बाबासाहेबांची जयंती जवळ आली होती आणि घाटकोपरच्या टेकडीवर घरोघर रंग चालू होता. तुमच्या शेजारच्या खोलीला मी चुना मारत होतो. तू उंबऱ्यात बसलेली. तू काहीतरी म्हणालीस. तुझी धाकटी बहीण कमल म्हणाली, पाणी पाहिजे का विचारतेय. मी म्हटलं, नको. तू परत म्हणालीस, जोरात. कमल म्हणाली, चहा विचारतेय. तिसऱ्या वेळेला मी शिडीवरून उतरलो, तुझ्यासमोर उकिडवा बसलो आणि म्हटलं, सावकाश सांग. तू सांगितलंस, वरचा कोपरा राहिला. मी वर बघितलं. राहिला होता.

पुढं मी मागणी घातली तेव्हा तुझे वडील म्हणाले, पोरगी मुकी आहे, नीट विचार कर. मी म्हटलं, मुकी कुठाय, माझी चूक काढली तिने.

तुझं बोलणं मला यायला लागलं यात काही कमाल नाही. रोज ऐकलं की येतं. मद्राशाकडं कामाला होतो तेव्हा त्याची भाषा पण समजायला लागली होती मला. पण लोकांना वाटायचं हे काहीतरी अद्भुत आहे. तुझ्यासमोर उभे राहून मला विचारायचे, काय म्हणतात ह्या? डॉक्टर पण तसेच. तू खुर्चीत बसलेली, आणि तो माझ्याकडे बघून, यांना कुठं दुखतंय? जसं काय मी कुत्रं घेऊन आलोय. शी.

माईकचं तर तुझं जुनं दुखणं. सखूबाई गेली तेव्हाचं. शेजारची सखूबाई, तुझी एकुलती एक मैत्रीण, जिच्या मांडीवर डोकं ठेवून तू दुपारी गप्पा हाणायचीस. तिच्या जलदानाला सगळ्यांनी भाषणं ठोकली. मंडळाचा सोनवणे सूत्रसंचालनाला, कायमचा. तू हात वर केलास. थरथरता हात, पण दिसत होता सगळ्यांना. मी तुला धरून पुढं आणलं. तू माईकमध्ये पहिला शब्द काढलास, सखू, आणि मागे कुणीतरी पोरगं हसलं. सोनवण्याने माईक अलगद काढून घेतला आणि म्हणाला, "वहिनींच्या भावना आपल्यापर्यंत पोहोचल्या."

एक शब्द झाला होता. भावना पोहोचल्या.

घरी आल्यावर तू रडली नाहीस. तू म्हणालीस, मेल्याने माझ्या तोंडातून माईक काढला. मग कितीतरी वर्षं घरात भांडण झालं की तू मला म्हणायचीस, पोहोचल्या तुमच्या भावना.

मग आली ती थेरपीवाली मॅडम. अनघा नाव. कुठल्यातरी संस्थेतून यायची, फोन घेऊन. तिने सांगितलं, फोनमधलं मशीन सगळ्यांचं बोलणं ओळखतं, पण तुमचं ओळखत नाही, कारण त्याने तुमच्यासारखं बोलणं ऐकलंच नाही. तुम्ही त्याला ऐकवलं तर ते शिकेल. मला हसू आलं. म्हटलं, सख्खी बहीण शिकली नाही आणि हा डबा शिकणार.

संस्थेने वाक्यं छापून दिली होती. तीच तीच म्हणायची. आज हवामान आल्हाददायक आहे. मला बागेत फिरायला आवडते. कृपया मला मदत करा. तू दोनचार म्हटलीस आणि थांबलीस. मला म्हणालीस, हिला विचारा बाग कुठाय. मी सांगितलं मॅडमला. मॅडम म्हणाली, ही सरावाची वाक्यं आहेत, आजी. तू म्हणालीस, मी आयुष्यात हे कधी बोलणार नाही, मग ते शिकून काय करणार आहे. मॅडमला ते पटलं. चांगली होती पोरगी, तिचं नाव घेताना मला राग येत नाही. त्या दिवसापासून तू तुझी वाक्यं सांगितलीस. दार लाव, मांजर येतंय. बोंबील ताजे आहेत का कालचे. पंखा कमी कर, मी मेले नाही अजून. कोण आलंय ते मला पण सांगा. रोज दुपारी, घसा बसेपर्यंत. मॅडमला घाम यायचा, तुला यायचा नाही.

आणि डबा शिकला, विमल. हेच मला पचत नाही अजून. पत्र्याचा नाही, काचेचा, पण डबाच. तू तुझ्या तोंडाने म्हणायचीस, त्यावर अक्षरं उमटायची, आणि आतून एक बाई ते साफ मराठीत बोलून दाखवायची. सुरुवातीला काहीच्या काही बोलायची, मग जमत गेलं. मशीनला ऐकवलंस त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त माणसांना ऐकवलं होतंस तू. मशीनने कान दिला. माणसांनी मान हलवली.

पण फोन लावलास की लोक कट करायचे. पहिल्यांदा तुझा आवाज जायचा, मागून बाईचा. तुझा आवाज ऐकला की दारूडा असेल, नाहीतर कुणी घाणेरडा चाळा करतोय, असं वाटून ठेवायचे. एकाने शिवी पण दिली. गॅसवाल्याने तर तुझा नंबरच ब्लॉक करून टाकला. मी म्हटलं, दे इकडे, मी बोलतो. तू फोन छातीशी धरलास. मग तू आणि मॅडमने मिळून एक वाक्य पक्कं केलं, एका बटणावर. बटण दाबलं की आधी तुझा रेकॉर्ड केलेला आवाज, लगेच बाईचा. "फोन ठेवू नका. मी विमल बोलतेय. हळू बोलते. थांबा."

आणि थांबायला लागले लोक. सगळे नाही. पण मच्छीवाली थांबली. तिच्याशी तू बोंबलाच्या भावावरून अशी भांडलीस की खाली बाजारात ती मला म्हणाली, बाबा, तुझ्या बायकोला फोन कुणी दिला? डॉक्टर थांबला. त्याने सवयीने माझ्याकडे बघून विचारलं, काय होतंय यांना, आणि तुझी बाई म्हणाली, "मला विचारा." त्याचा चेहरा मी विसरणार नाही. मग तू मला बाहेर काढलंस. मला, ज्याने तुझं सगळं दुखणं आयुष्यभर बोलून दाखवलं, त्याला बाहेर बाकड्यावर बसवलंस. आत काय सांगितलंस ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी तिथं बसलो आणि मला राग पण आला आणि छाती पण फुगली. दोन्ही एकदम.

कमलला पण सुनावलंस. ती कांदिवलीहून यायची, तू बोलायला लागलीस की हो हो, हो हो, करत राहायची. तू म्हणालीस, घर जळतंय, तरी ती म्हणाली, हो हो. मुद्दाम म्हणाली होतीस, मला माहीत आहे. मग बाईने ते साफ मराठीत परत सांगितलं, आणि वर म्हणाली, "कमल, कळलं नाही तर नाही म्हण, हो म्हणू नकोस." कमल रडली. तू तिला बोंबील खायला घातलेस. त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही बहिणी दिवसभर बोलत बसलात, आणि मी दुसऱ्या खोलीत. कुणाला माझी गरज नव्हती. चांगलं वाटत होतं, आणि वाटत नव्हतं.

ती बाई मात्र मला कधी आवडली नाही. आपलं भांडण तिच्यावरूनच. बँकेत फोन केला की जी म्हणते प्रतीक्षा करा, तिची ती मावसबहीण. तू म्हणायचीस, मेल्या पंखा बंद कर, आणि ती म्हणायची, पंखा बंद करा. तुझी शिवी ती गिळायची. मी म्हटलं, ही तुझ्यावर पुट्टी मारतेय. ओल आलेल्या भिंतीला पुट्टी मारतात तशी, वरून गुळगुळीत. तुझा आवाज आहे तसा आहे, लोकांनी शिकायला पाहिजे.

तू काय म्हणालीस ते माझ्या कानात आहे. तुझ्याच आवाजात म्हणालीस, बाईला मध्ये न घेता. "तुम्हाला माझा आवाज आवडतो, कारण तुम्ही थांबलात. बाकीचे पळतात. या बाईला ऐकून ते थांबतात. मला थांबणारी माणसं पाहिजेत."

मी म्हटलं, पण ती खोटी आहे.

तू म्हणालीस, "रंग काय खरा असतो? जन्मभर तेच विकलंत."

उत्तर उद्या देतो म्हटलं. अजून देणं बाकी आहे.

मग अंधेरीचा तो तमाशा. ज्या संस्थेने मॅडमला पाठवलं होतं तिच्या वरच्या साहेबांचा कार्यक्रम. मोठा हॉल, थंडगार, मोठा पडदा. आधी घरी कॅमेरा घेऊन आले होते. भिंतीवरचं बाबासाहेबांचं कॅलेंडर काढा म्हणाले, फ्रेममध्ये येतंय. तू मशीनमधून म्हणालीस, ते राहील, तुम्ही सरका. सरकले. पण शेवटी त्यांनी त्यांचंच केलं. पडद्यावर तुझं तोंड एवढं मोठं दाखवलं, सावकाश, वाकडं होताना, लाळ दिसेल असं, मागे सनई का काय रडतंय. मग फोन, मग तू हसतेस, मग संस्थेचं नाव. लोक रुमाल काढून बसले. रडून झाल्यावर पनीर खायला उठले. स्टेजवर तुला एकच प्रश्न विचारला, आता कसं वाटतं? तुला पढवून ठेवलं होतं की म्हणायचं, मला नवा जन्म मिळाला. तू म्हणालीस, मी आधीपासून होते. टाळ्या वाजल्या. कुणाला कळलं नाही की ती शिवी होती.

रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, माझं तोंड एवढं मोठं करून दाखवलं, कान एकाचे पण दाखवले नाहीत.

हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवणार होतो. राहिलं.

त्याच्यानंतर तुझ्या डोक्यात एकच होतं. माईक. खालच्या हॉलमधला. तू म्हणायचीस, आता कुणाचं पण जलदान येऊ दे, मी बोलणार, फोन माईकला लावणार, सोनवण्याने हात लावून दाखवावा. पण बिल्डिंगीत कुणी मेलंच नाही. तू वाट बघत होतीस. तिसऱ्या माळ्यावरचा म्हातारा दवाखान्यात गेला तेव्हा तू दोन दिवस तयारी केलीस त्याच्याविषयी काय बोलायचं त्याची, आणि तो मेला चालत घरी आला. तू मला म्हणालीस, सगळे ठणठणीत आहेत मेले. आपण दोघं किती हसलो. तुझं हसणं खोकल्यावर गेलं, मी पाठ चोळली.

शेवटी नंबर तुझाच लागला.

घास छातीत उतरला, न्यूमोनिया झाला. दवाखान्यात त्यांनी तुझ्या तोंडावर मास्क बांधला. फोन माझ्या पिशवीत, पण मास्कमधून त्याला काय ऐकू येणार. तू बोलत होतीस. नर्स म्हणाली, आजी, ओरडू नका, बाकीच्यांना त्रास होतो. मी म्हटलं, ओरडत नाही, बोलतेय. ती म्हणाली, काय बोलतायत?

आणि मला कळलं नाही, विमल. हवेचा आवाज, मास्कचा आवाज, तुझा दम. मी कान लावला. तू परत सांगितलंस. परत सांगितलंस. आणि मी मान हलवली. म्हटलं, हो हो.

तू माझ्या हातावर चापट मारलीस. बरोबर मारलीस.

ते काय होतं, ते तुझ्याबरोबर गेलं. डबा पण सांगू शकत नाही, मी पण नाही. सगळे म्हणतात शांतपणे गेल्या. शांतपणे कुठल्या. सांगता सांगता गेलीस.

आता प्रशांतचं सांगतो, मग काल काय झालं ते. कमलचा मुलगा प्रशांत, अंधेरीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात. पोरगा वाईट नाही. दोन लेकरांचा बाप आहे, तुझा जीव होता त्याच्यावर. परवा कमलला घेऊन आला. म्हणाला, काका, एक ऐकवतो, मावशीचं. मॅडमने तुझ्या आवाजात भरून ठेवलेली वाक्यं त्याच्याकडे होती. ती त्याने कुठल्या दुसऱ्या मशीनमध्ये घातली. ते मशीन आवाज सरळ करतं म्हणे. बँकेतली बाई नाही. तुझाच आवाज, पण जन्माच्या वेळी हवा कमी पडली नसती तर कसा असता, तसा.

त्याने लावलं.

"माझ्या प्रिय नातेवाईकांनो, मी जिथे आहे तिथे सुखात आहे. तुम्ही सर्वांनी मला खूप प्रेम दिलंत."

मी कॉटवर बसलो. तुझाच होता तो. जाड, जरा घोगरा, शेवटाला उचलणारा. पण वाकडेपणा काढलेला. एकेक शब्द धुऊन इस्त्री करून. जसं काय तुझ्या अंगातून कुणीतरी तुला काढून टाकलं आणि कातडं बोलतंय. मला घाण वाटली, आणि तरी माझ्या तोंडातून निघालं, परत लाव.

त्याने परत लावलं. दुसऱ्या वेळेला मला स्वतःची किळस आली.

प्रशांत म्हणाला, जलदानाला हे माईकवर लावू या. कमल रडत होती. म्हणाली, "दाजी, एकदा तरी लोकांना ऐकू दे, ताई नीट बोलताना."

मी म्हटलं, "ती नीटच बोलत होती."

मी प्रशांतला विचारलं, मावशी कधी म्हणाली होती, प्रिय नातेवाईकांनो? आणि जिथे आहे तिथे म्हणजे कुठं? आपण मानतो का ते? तुम्ही मला प्रेम दिलंत, हे कुणी लिहिलं? तो म्हणाला, काका, मीच लिहिलं, भावना म्हणून. मी म्हटलं, भावना पोहोचल्या. आता ते पुसून टाक. जिवंत होती तेव्हा तिच्या तोंडी आपण आपलं घातलं, मेल्यावर तरी नको. तिच्या न बोललेल्या गोष्टी बोलायला तिचं तोंड वापरायचं नाही. तो रागावला असेल. पण पुसलं, माझ्यासमोर. शेवटचं पुसताना त्याचा अंगठा थांबला, आणि माझा जीव पण थांबला, ते मी त्याला सांगितलं नाही.

प्रश्न मात्र राहिला. माईकवर काय? तुझा नुसता आवाज लावावा, तर ही तीच माणसं, खाली मान घालणार, पोरं हसणार. बाईचा लावावा, तर मी भांडणात हरलो. रात्रभर जागलो असं नाही, पण सकाळी दाढी करताना बराच वेळ आरशासमोर उभा होतो. मग मी फोन चार्जिंगला लावला.

काल. बौद्धाचार्यांनी वंदना घेतली. मग रांग. त्याग, डोळे, सुटल्या, सगळं ऐकून घेतलं. शेवटी सोनवणे म्हणाला, आता यजमान दोन शब्द बोलतील. मी उठलो. मला बोलता येत नाही असं नाही. पण नंबर माझा नव्हता. मी तुझा फोन काढला, माईकला टेकवला आणि ते एक बटण दाबलं.

आधी तू. जसा आहे तसा, मोठ्या स्पीकरवर, सगळ्या हॉलमध्ये. लोकांनी माना खाली घातल्या. कुणीतरी नाकाला रुमाल लावला. मागे एकजण दबक्या आवाजात म्हणाला, बंद करा, बरं दिसत नाही. बरं दिसत नाही. मेल्यावर पण तुझं बोलणं बरं दिसत नाही यांना. मी बघून ठेवलं कोण ते.

मग तुझी ती बाई.

"फोन ठेवू नका. मी विमल बोलतेय. हळू बोलते. थांबा."

माना वर आल्या. एकेक करून. सगळे त्या फोनकडे बघायला लागले. सतरंजीवरचे सरळ बसले. दारात आचारी झारा घेऊन उभा होता तो तिथंच राहिला. आता पुढं काय बोलते याची वाट बघत होते सगळे. पंखे तेवढे फिरत होते.

पुढं काहीच नव्हतं, विमल. एवढंच वाक्य होतं त्या बटणावर. पुढचं तू प्रत्येक वेळेला नवीन बोलायचीस.

सोनवणे सवयीने पुढं आला, हात माईककडे आणला. मी माईकवर माझा हात ठेवला. रंगाऱ्याचा हात आहे, सहज निघत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मागे सरला.

कुणी उठलं नाही. कुणी खोकलं नाही. कमलने तोंडावर पदर धरला होता पण मान हलवत नव्हती, हो हो म्हणत नव्हती, नुसती ऐकत होती. जिथं काही ऐकू येत नव्हतं तिथं कान लावून बसली होती सगळी.

बाई खोटी आहे असं मी अजून म्हणतो. तुझं उत्तर मला माहीत आहे, परत देऊ नकोस.

पण थांबली माणसं. मी माईक धरून उभा होतो. मनात म्हटलं, बोल आता, कुणी ठेवत नाही.